शीची वही

गुरुवार, रात्री साडेअकरा

माळा आवरताना आज ती वही सापडली. तारीख, वेळ, दूध किती, शी कधी. पहिल्या पानावर शीच्या रकान्यात नुसत्या रेघा.

बाळाची पहिली काळी शी २४ तासांत, फार तर ४८ तासांत व्हायला हवी, हे मला तेव्हा कुणीच सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी जराशी झाली आणि आम्हाला घरी सोडलं. अजून राग येतो त्याचा. घरी पोट नगाऱ्यासारखं तट्ट फुगलं. सासूबाईंनी बेंबीभोवती हिंग लावला, रात्रभर मांडीवर घेऊन बसल्या. बाराव्या दिवशी, पाळणा सजवून झाला होता, तेव्हा हिरवी उलटी झाली. बारसं राहिलंच.

बायोप्सीनंतर (आतड्याचा छोटा तुकडा तपासल्यावर) आजाराचं नाव कळलं: हिर्शस्प्रुंग. १८८६ मध्ये कोपनहेगनच्या एका बालरोगतज्ज्ञांनी अशाच दोन बाळांची हकीगत मांडली, त्यांचं हे आडनाव.

सर्जनबाईंनी कागदावर आतडं काढून दाखवलं. गर्भात पाचव्या ते बाराव्या आठवड्यात आतड्याच्या चेतापेशी वरून खाली सरकत जातात. माझ्या बाळाच्या वाटेतच थांबल्या. खालचा तुकडा त्यांच्याविना राहिला, म्हणून तो सैल पडेना, कायम आवळलेला. मी फुगलेल्या भागावर बोट ठेवून विचारलं, हा काढणार ना? त्या म्हणाल्या, नाही हो, तो तर चांगला आहे. पुढे ढकलून ढकलून दमलाय. दोष खालच्या बारीक, साध्या दिसणाऱ्या तुकड्यात आहे. डॉक्टरांनाही हे उमगायला साठेक वर्षं लागली. स्वेन्सन नावाच्या सर्जननी तो तुकडा काढून वरचं आतडं खाली ओढून जोडायची शस्त्रक्रिया मांडली ती १९४८ मध्ये.

साधारण ५,००० बाळांत एकाला होतं. मग मलाच का, मी काय खाल्लं होतं, कुठे चुकले? पाचव्या आठवड्यात तर मला धड कळलंही नव्हतं की दिवस गेलेत. तरी हा प्रश्न मी त्या कागदाकडे बघत कितीतरी रात्री विचारला.

पुढची पानं भराभर उलटली. शीसाठी पोटावर लावलेली पिशवी, ऑपरेशन, मग दिवसाला दहा-दहा शी, सोलवटलेलं ढुंगण, खोबरेल तेल. एकदा ताप आणि पोटफुगी, मध्यरात्री रिक्षा. आतड्याला सूज होती. तो ताप अजूनही अंगावर काटा आणतो.

आता चार वर्षांचा आहे. आज संध्याकाळी खेळ टाकून धावत आला, "आई, लागली!" चड्डी कोरडी होती.

शेवटचं पान कोरंच होतं. लिहिलं: ६ वाजून १० मिनिटं. स्वतः सांगितलं.