वायफाय एकदाचं टिकलं
आज अख्खा रविवार लॅपटॉपच्या वायफायमागे गेला. रामबागेतलं आमचं घर जुनं, भिंती जाडजूड, राउटर पुढच्या खोलीत आणि मी बसते मागे स्वयंपाकघराशेजारी, त्यामुळे वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड (लहरींचा पट्टा) तिथपर्यंत पोचतच नाही आणि २.४ च्या बँडवर असताना आईने मायक्रोवेव्ह लावला की कॉल गेलाच, कारण तोपण त्याच २.४ च्या आसपास चालतो. पण मोबाईल तिथेच नीट चालायचा, म्हणजे थोडा दोष लॅपटॉपचाही होता. मग लॅपटॉपच्या डिव्हाइस मॅनेजर या सेटिंगमध्ये जाऊन वायफाय अडॅप्टरची वीज वाचवायची टिक काढली, राउटर कपाटामागून काढून दारावरच्या फळीवर ठेवला, वायफायचा चॅनल (त्या बँडमधला छोटा पट्टा) ११ केला. संध्याकाळी मावशीशी पाऊण तास व्हिडिओ कॉल, एकदाही अडकला नाही! आईने जिरावण मसाल्याची पुडी कॅमेऱ्याला अगदी चिकटवून दाखवली, तिला इतकं खूष बघून खरंच बरं वाटलं.