खोक्यातून आलेले दोन सूक्ष्मदर्शक

गेल्या महिन्यात कुणीतरी शाळेला दोन जुने सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांची डबी आणि मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाची बाटली दिली. एकाचा आरसा सैल होता, तो मी चक्क चिकटपट्टीने बसवला.

इतकी वर्षं मी फळ्यावर विटांसारख्या चौकोनी पेशी काढत आलोय. मुलं त्या वहीत उतरवतात, पेपरात लिहितात, संपलं. या वेळी त्यांना टूथपिकच्या बोथट टोकाने गालाच्या आतून हलकेच खरवडायला लावलं. काचेवर निळ्या रंगाचा थेंब, वर पातळ आच्छादक काच. डोळ्याजवळचं भिंग १० पट, खालचं ४० पट, म्हणजे ४०० पट मोठं. आधी सगळ्यांना हवेचे बुडबुडेच दिसले (जाड काळी कड दिसली की समजायचं बुडबुडा). मग मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, "सर, ही चौकोनी नाहीच! मधे गडद निळा ठिपका आहे!"

ठिपका म्हणजे केंद्रक. मिथिलीन ब्लू तिथल्या डीएनएला चिकटतो, एवढं सांगायला तोंड उघडेपर्यंत रांग मोडून सगळे तिच्याभोवती.

सात आच्छादक काचा फुटल्या. पुढच्या वेळी कुणी "काय देऊ?" विचारलं, तर आधी त्याच मागणार.