हाताला मुंग्या येतात? आधी स्प्लिंटमधली पट्टी सरळ करा

मध्यरात्रीनंतर हात बधिर होऊन जाग येते. माणूस उठून बसतो, हात दोन-चारदा झाडतो, जरा बरं वाटतं आणि पुन्हा आडवा होतो. कार्पल टनेल सिंड्रोमची ही खूण इतकी ठरलेली आहे की तपासताना ‘हात झाडावा लागतो का?’ हेच आधी विचारलं जातं. दुसरा प्रश्न करंगळीचा. ‘अख्खा हातच मरतो’ असं बरेच जण सांगतात, पण जाग आल्यावर दुसऱ्या हाताने एकेक बोट चाचपून पाहिलं की करंगळी बहुधा शाबूत निघते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची मधल्या बोटाकडची बाजू बधिर, करंगळी जागी, असं असेल तर मनगटात दाबली जाणारी मीडियन नस हे कारण असण्याची शक्यता मोठी. करंगळीच बधिर होत असेल तर कोपर तपासावं लागतं, आणि मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर मान.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांचा खोलगट भाग आणि त्यावर ताणून बसवलेला जाड पट्टा, असा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वळवणाऱ्या नऊ कंडरा आणि त्यांच्या सोबतीला ही एकटी नस जाते. मनगट खाली दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतो, वर वाकवलं तरी वाढतो. सर्वात कमी असतो तो मनगट सरळ असताना. झोपेत आपण मनगट दुमडून, कधी उशीखाली कोंबून पडतो, म्हणून त्रास रात्रीचा.

शस्त्रक्रियेशिवायच्या उपचारात सुरुवात होते ती रात्री घालायच्या स्प्लिंटने, म्हणजे मनगट एका जागी धरून ठेवणाऱ्या आधाराने. आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. औषधांच्या दुकानात मिळतो तो ‘कॉक-अप’ स्प्लिंट. नावातच आहे, तो मनगट वर उचलून धरतो. त्यातली ॲल्युमिनियमची पट्टी बहुधा वीस-तीस अंश वाकवलेली येते. मनगट लुळं पडलेल्या हाताला ती ठीक, आपल्या कामाची नाही. तळव्याकडच्या खिशातून पट्टी बाहेर ओढा, ओट्यावर उपडी ठेवा, वरून लाटण्याने दाबत सपाट करा आणि परत घाला. मग स्प्लिंट चढवून हात टेबलावर ठेवा आणि कोपराकडून बोटांच्या मुळांपर्यंत वरच्या बाजूने एक लांब फूटपट्टी धरा. मनगटाशी खोल कोन दिसला तर पट्टी अजून वाकडी आहे. पट्टी प्लास्टिकची, न वाकणारी असेल तर तो स्प्लिंट परत करा, दुसरा घ्या.

लांबीही पाहा. तळव्यावरची बोटांच्या मुळाजवळची आडवी रेघ उघडी राहिली पाहिजे आणि मूठ पूर्ण मिटता आली पाहिजे. मनगटावरचा मधला पट्टा घट्ट आवळू नका. आपण जो बोगदा मोकळा करायला निघालो, त्यावरच तो दाब देतो. खाली एक बोट सहज सरकावं, एवढाच कसा. सकाळी बोटं सुजलेली किंवा निळसर दिसली तर पट्टा घट्ट होता हे नक्की.

गोव्याच्या मे महिन्यात, आणि पावसात तर विचारूच नका, स्प्लिंटखाली घाम साचून पुरळ येते, आणि आठव्या दिवशी स्प्लिंट कपाटात जातो. जुन्या सुती मोज्याचं टोक कापा, अंगठ्यासाठी भोक पाडा आणि तो आधी हातात चढवा. असे दोन-तीन ठेवा, रोज बदला. धुताना पट्टी काढून घ्या आणि स्प्लिंट पंख्याखाली सुकवा. ओलसर घालण्यापेक्षा ती रात्र कोरडी उशी हाताला टेकवून काढलेली बरी.

घालायचा रोज रात्री, किमान सहा आठवडे. ‘त्रास झाला त्या रात्री’ हा हिशेब चालत नाही. आधी कमी होतं ते रात्री जागं होणं, बोटांचा बधिरपणा नंतर. त्यामुळे भिंतीवरच्या कालनिर्णयावर किती वेळा उठलो ते रोज लिहून ठेवा, नुसत्या आठवणीवर भरवसा नको. दिवसभर मात्र तो घालून वावरू नका. काम करताना हात स्प्लिंटशी झगडतो आणि ताण कोपर-खांद्यावर जातो.

दिवसा बदलायची ती मनगटाची ठेवण. स्कूटरचा रेस पिळताना मनगट मागे मुडपलेलं असतं आणि वर इंजिनाची थरथर. म्हापसा-पणजी रोज ये-जा करणाऱ्यांनी हँडल मऊ जाड ग्रिपचं घ्यावं, पकड सैल ठेवावी. ब्रेकच्या लिव्हरचा कोन मेकॅनिककडून असा करून घ्यावा की बोटं लिव्हरवर ठेवल्यावर मनगट सरळ राहील. आदोळीवर नारळ खवताना वाटी घट्ट चिमटीत धरून मनगट फिरवलं जातं, तेव्हा एकदम तीन नारळ नकोत, एकेक करून मध्ये थांबा. चतुर्थीच्या नेवऱ्यांना (करंज्यांना) कड घालायचं काम वाटून घ्या. जाड चादरी पिळायच्या नाहीत, निथळत टाकायच्या.

व्यायाम साधे आहेत, पण त्यांची गोडी लागली की अतिरेक होतो. बोटं सरळ, मग फक्त वरची पेरं वळवून आकडा, मग पूर्ण मूठ, मग मुळाशी काटकोन करून बोटं सपाट, शेवटी बोटांची टोकं तळव्याच्या बुंध्याला. प्रत्येक स्थिती पाच सेकंद, असे दहा फेरे, दिवसातून तीनदा. नस सरकवण्याचे व्यायाम (मूठ, मग बोटं उघडणं, मग मनगट मागे, मग अंगठा बाहेर, मग तळवा वर) हळुवार करायचे. करताना मुंग्या येऊन हात खाली घेतल्यावरही दोन-चार मिनिटं राहत असतील तर ताण जास्त झाला. रबरी चेंडू दाबणं मात्र सुरुवातीला अजिबात नको. घट्ट मूठ केली की तळव्यातले छोटे स्नायू बोगद्याच्या तोंडात ओढले जातात आणि गर्दी वाढते. हातात ताकद आणायला म्हणून चेंडू देणारे अजूनही भेटतात, हे आमचं गाऱ्हाणं.

मेणाचा शेक सुखद वाटतो, पण परिणाम थोड्या वेळाचा, आणि बधिर कातडीला चटका बसलेला कळत नाही. वेदनाशामक गोळ्यांचा उपयोग जेमतेम. बी-६ जीवनसत्त्वाच्या गोळ्या महिनोन्‌महिने मोठ्या मात्रेत खाऊ नयेत, त्यांनीच नसांना इजा होते.

थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. दोन्हींपैकी काही बिघडलेलं असेल तर ते सुधारल्याशिवाय मनगट एकटं पुरतं सुधारणं अवघड. गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत हा त्रास सूज वाढल्याने येतो आणि बहुधा बाळंतपणानंतर उतरतो, तोवर स्प्लिंट पुरतो. हातावर बधिर चट्टा असेल किंवा कोपर-मनगटाजवळ नस जाड लागत असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करूनच पुढे जावं.

सहा आठवड्यांनी फरक नसेल तर बोगद्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन हा पुढचा टप्पा. आराम लवकर मिळतो, पण अनेकांना काही महिन्यांनी त्रास परततो. मधुमेह असेल तर इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, म्हणून मधुमेह असल्याचं आधीच डॉक्टरांना सांगून ठेवा.

अंगठ्याच्या बुंध्याचा उंचवटा दोन्ही हात शेजारी धरून पाहा. आजारी बाजूचा सपाट झाला असेल, बटण लावताना हातातून सुटत असेल, किंवा बधिरपणा दिवसरात्र हटत नसेल, तर स्प्लिंटवर आणखी महिने घालवू नयेत. नसेच्या वहनाची (नर्व्ह कंडक्शन) चाचणी करून घ्या आणि बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) किंवा आपल्या जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभागात दाखवा. आटलेला स्नायू पुरता परत येईलच असं नाही.