तुम्ही विचारलंत म्हणून: ती फिल्म का थांबली

पुण्यात आले की कुणीतरी विचारतंच. इतकी वर्षं न्यू मेक्सिकोत राहतेस, तिथल्या नेटिव्ह, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवासी, कलाकारांवरची फिल्म निम्मी शूट झाली होती, मग सोडलीस का? आजवर मी पैशांचं कारण पुढे केलं. पैसे कमी होते हे खरं, पण थांबले त्यामुळे नाही.

फिल्मची सुरुवात एका आवाजानं झाली. डिने, म्हणजे नवाहो संगीतकार रेवन चाकोन, जे २०२२ साली संगीताचं पुलित्झर मिळवणारे पहिले नेटिव्ह संगीतकार ठरले, त्यांनी १९९९ साली ॲरिझोनातल्या विंडो रॉकसारख्या निवांत जागा रेकॉर्ड केल्या आणि तो आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवला. शांतता ऐकायला बसावं आणि तोंडावर रेती यावी, तसं झालं मला. मग मिळेल ते पाहत सुटले. मिगेल बहिणींचं १९७६ पासूनचं स्पायडरवुमन थिएटर, नेटिव्ह बायकांची नाटक कंपनी. १९८७ साली सॅन दिएगोच्या म्युझियममध्ये स्वतःच प्रदर्शनातल्या वस्तूसारखे काचेच्या पेटीत जाऊन पडलेले नेटिव्ह कलाकार जेम्स लूना, शेजारी त्यांच्या अंगावरच्या व्रणांची माहिती देणाऱ्या चिठ्ठ्या. मला वाटायचं, मला सगळं कळलंय. नेटिव्ह लोकांचे फोटो काढत फिरलेल्या एडवर्ड कर्टिस या गोऱ्या फोटोग्राफरनं १९१०च्या एका फोटोत पिगन जमातीच्या दोन माणसांच्या मधलं घड्याळ, ती जुन्या काळातलीच दिसावीत म्हणून, खोडून टाकलं होतं, हे तर मी प्रत्येक वर्कशॉपमध्ये तावातावानं सांगायचे.

माझ्या फिल्मचा साउंड करणाऱ्या मैत्रिणीच्या पुएब्लोत, म्हणजे तिच्या गावात, सणाचा नाच होता. वेशीवरच पाटी असते: फोटो नाही, चित्र काढायचं नाही, रेकॉर्डिंग नाही. मी ती वाचली. कॅमेरा गाडीत ठेवला. छोटा रेकॉर्डर मात्र झोळीत राहिला. ‘राहिला’ हेही खोटं. मी तो ठेवला होता, सेल बदलून.

चौकात बायका-पुरुषांच्या लांब रांगा, हातात हिरव्या फांद्या, सगळ्या पायांचा मिळून एकच ठेका. मध्येच ढोलाची लय बदलते आणि एकही पाऊल चुकत नाही. मी झोळीत हात घालून बटण दाबलं.

मग मैत्रिणीच्या आईनं जेवायला नेलं. सणाला घरं उघडी असतात, एक पंगत उठली की दुसरी बसते. लाल मिरचीचा रस्सा, मातीच्या भट्टीतला पाव. बाकावर जागा करायला त्यांनी माझी झोळी उचलली आणि त्यांना लाल दिवा दिसला. मी बंद करायलाच विसरले होते. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “पुन्हा ऐकायचं होतं, तर पुन्हा यायचं होतंस.” आणि माझी वाटी परत भरली. मैत्रीण माझ्याकडे बघत नव्हती. हातातला पावाचा तुकडा खावा की खाली ठेवावा, मला कळेना. तिथेच, त्यांच्यासमोर, मी ती फाइल पुसली.

घरी येताना मी स्वतःची बाजू मांडतच होते. नुसता आवाज तर होता, चेहरा कुणाचाच नाही. वारीत मी कॉलेजपासून रेकॉर्डिंग करत आलेय. माइक पुढे केला की “या माउली” म्हणून जागा करून देतात. माझ्या लेखी रेकॉर्ड करणं म्हणजे जीव लावणं. आणि चाकोन काय करतात? २०१६ साली स्टँडिंग रॉकला, तेलाच्या पाइपलाइनविरुद्धच्या नेटिव्ह आंदोलनात, लोक पोलिसांसमोर एक अक्षर न बोलता उभे राहिले, ती शांतता त्यांनी टिपलीच की! पण ती शांतता समोरच्याला ऐकवण्यासाठीच होती. हा नाच माझ्यासाठी नव्हता, मला फक्त उभं राहू दिलं होतं. एवढी साधी गोष्ट मला कर्टिसच्या बाबतीत दिसत होती, माझ्या झोळीच्या बाबतीत नाही.

तरी मनातून पूर्ण पटलंय असंही नाही. तो ढोल कुठेतरी जपला जावा असं मला अजून वाटतं. तो कुणी जपायचा, हे ठरवणारी मी कोण, हेही वाटतं. तेव्हापासून फिल्मचं बाकीचं फुटेज उघडलं की पहिला विचार त्या फाइलचा येतो, आणि मी एडिट बंद करते.

पुसलेली फाइल कार्डावरून परत काढता येते, त्या जागेवर दुसरं काही रेकॉर्ड झालं नसेल तर. त्या कार्डावर मी नंतर काहीच रेकॉर्ड केलेलं नाही. ते टेबलाच्या खणात आहे. मैत्रिणीला हे कळत नसेल असं नाही, तिचा तोच व्यवसाय आहे. तिनं अजून विचारलेलं नाही.