आज माझ्यासाठी प्रार्थना करू नका

पुनरुत्थानाच्या सणानंतरचा, म्हणजे ईस्टरनंतरचा आठवडा होता. मिशन दवाखान्यातली सकाळची भक्ती आटोपून मी, पाळक म्हणजे पाद्री, बायकांच्या मेडिकल वॉर्डात शिरलो. खिडकीजवळच्या खाटेवर आमच्याच दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर होत्या. हृदय थकलेलं, पायांवर सूज, नाकाला ऑक्सिजनची नळी. तरीही सलाईन जोडणाऱ्या विद्यार्थिनीला त्या सांगत होत्या, "घड्याळ धर, थेंब मोज. अंदाजाने सोडू नकोस."

"सलाम, सिस्टर," म्हणत मी स्टूल ओढलं.

"सलाम, पाळकसाहेब. बसा. पण आज माझ्यासाठी प्रार्थना करू नका."

ऑपरेशन थिएटरच्या दारात पेशंटच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करणाऱ्या या बाई. कितीतरी माणसं त्या हाताच्या आधाराने आत गेली. दोन महिन्यांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा हायवेवर अपघातात गेला. सून डबा घेऊन उशाशी उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला.

"दुसऱ्यांच्या लेकरांसाठी मागितलं, ते ऐकलं देवानं," सिस्टर म्हणाल्या. " माझ्या एकाच्या वेळी कुठं होता? आता मला काहीच वाटत नाही. चर्चच्या मंडळीतली माणसं येतात, म्हणतात, विश्वास धरा. धरायला हातात काही उरलंय का?"

दुःखी माणसाच्या अंगावर विश्वासाचं ओझं टाकणं मला क्रूर वाटतं. तसं करणारी माणसं वाईट नसतात, पण भेदरलेली असतात, आणि लवकर उठून जातात. मी बायबल उघडून अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचलं. हेमान एज्राही याच्या नावावर असलेलं. रात्रंदिवस हाका मारूनही देव तोंड लपवतो, अशी त्याची तक्रार आहे. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. अंधारातच संपतं.

"हे कुणी उपासनेत वाचत नाही," सिस्टर म्हणाल्या.

"पण देवानं ते पवित्र शास्त्रात राहू दिलं. यरुशलेमच्या मंदिरात गायलं जायचं ते."

मग मी त्यांच्याशी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाबद्दल बोललो. यार्देन नदीवर ज्यानं येशूकडे बोट दाखवलं, तोच हेरोदाच्या कैदेत असताना शिष्यांना पाठवून विचारतो, येणारा तो मसीहा तुम्हीच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? ही कैद म्हणजे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो तो माखेरसचा किल्ला, मृत समुद्राच्या पूर्वेकडचा. तिथून आलेल्या या प्रश्नावर येशू रागावला नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, एवढं सांगा म्हणाला. आणि निरोपे गेल्यावर लोकांसमोर योहानाची थोरवी गायली. शंका विचारली त्याच दिवशी!

सिस्टरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "मग सोडवलं का त्याला?"

"नाही. शिर उडवलं त्याचं."

यापेक्षा सोपं उत्तर माझ्याजवळ नव्हतं, आणि त्यांना ते चाललंही नसतं. बराच वेळ त्या ओठ आवळून होत्या. मग म्हणाल्या, "खरं बोललात, बरं झालं."

प्रेषित पौलानं कैदेतून आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहिलेली ओळ मला तोंडपाठ होती. आपण अविश्वासी झालो तरी तो विश्वसनीय राहतो, कारण त्याला स्वतःविरुद्ध वागता येत नाही. मी ती हळूच म्हटली. सिस्टर काही बोलल्या नाहीत. मी निरोप घेऊन निघणार, एवढ्यात सुनेनं विचारलं, "आई, मी म्हणू का?" आणि उत्तराची वाट न पाहता तिनं 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू केलं. तिचा आवाज 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'पाशी फुटला. विद्यार्थिनीनं पुढचं उचललं. सिस्टरांचे ओठ बंदच होते.

देव त्या वेळी तिथेच होता, असं मी ठामपणे मानतो. सिस्टरांना काहीच जाणवत नव्हतं, तरीही. त्यांची बाजू रिकामी पडली तेव्हा त्यानं सुनेच्या आणि त्या पोरीच्या तोंडी शब्द दिले. मंडळी यासाठीच असते, असं मला वाटतं: एकाचा श्वास संपला की दुसऱ्यानं ओळ उचलायची.

सिस्टर आता घरी आहेत. रविवारी उपासनेला येतात, गीत सुरू झालं की गप्प बसतात, प्रभुभोजनाला, भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, मात्र पुढे येतात. मुलाचा प्रश्न त्यांनी सोडलेला नाही. गेल्या महिन्यात वॉर्डात एका शेतकरी बाईचं तान्हं बाळ गेलं, तेव्हा त्यांनीच मला फोन केला: "पाळकसाहेब, मीही येते तिच्याकडे. लगेच वचन वाचू नका. आधी तिला बोलू द्या."