टाकीपासून मास्टर सिलिंडरपर्यंतच्या कडक नळ्या बसवताना

जुन्या गाडीच्या ब्रेकचं काम काढलं की मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब देणारा भाग) तासाभरात बदलून होतो. वेळ खातात त्या ब्रेक ऑइलच्या टाकीकडून त्याला ऑइल पुरवणाऱ्या प्लास्टिकच्या कडक नळ्या. या नळ्यांत ऑइल फक्त स्वतःच्या वजनाने उतरतं, म्हणून इथे नायलॉन चालतं. सिलिंडरच्या पुढे शंभर बारच्या आसपास दाब जाऊ शकतो, तिथे नायलॉन चालत नाही.

जुनी नळी मी पिळून ओढत नाही, कारण नळी ज्यावर चढते ते टाकीचं तोंडच तुटतं. ब्लेडने तिला लांबीत हलकी चीर देऊन सोलून काढली. ब्लेड आरपार जाऊ द्यायचं नाही. तोंडावर उभा ओरखडा पडला, तर नवी नळी कितीही घट्ट बसली तरी ऑइल तिथून पाझरतं. दोन सर्किटांची (ब्रेकच्या दोन स्वतंत्र लाइनींची) गाडी असेल तर कोणती नळी कुठल्या कप्प्याची, ते आधीच खूण करून ठेवावं.

नवी नळी धारदार ब्लेडने काटकोनात कापली. करवतीचा भुगा थेट सिलिंडरच्या रबर सीलपर्यंत जातो. लांबी जुन्या नळीपेक्षा १० मिमी जास्त ठेवली. नंतर कापता येतं, जोडता येत नाही.

आता खरं काम. थंड नळी जोर लावून चढवली की ती वाकते, चिमटते, आणि एकदा पडलेली घडी पुन्हा जात नाही. नळीचं टोक उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं धरलं, बाहेर काढून आतून-बाहेरून लगेच कोरडं केलं (ब्रेक ऑइल पाणी शोषतं) आणि सरळ रेषेत एका दमात टाकीच्या तोंडावर १५ मिमी चढवलं. हाताशी काही सेकंदच असतात. हुकलं तर पुन्हा गरम करायचं, रेटायचं नाही. हीट गनने काम लवकर होतं, पण नळीची भिंत एका बाजूने पातळ होते, म्हणून मला पाणीच बरं वाटतं.

सिलिंडरच्या बाजूला आधी रबरी ग्रोमेट (भोकात बसणारं सीलचं कडं) पूर्ण बसवलं, मग एल्बो (नळीचा वाकडा जोडतुकडा). दोन्हींना ताजं ब्रेक ऑइल लावलं. नाव ऑइल असलं तरी डॉट ३ आणि डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार खनिज तेल नव्हेत. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावलं तर हे रबर फुगतं आणि काही दिवसांत ग्रोमेट सैल पडतं. एल्बो तिरका रेटला तर ग्रोमेटची आतली कड दुमडते. वरून काही दिसत नाही, पण गळती तिथूनच होते. कडक नळीवर क्लिप कितीही आवळली तरी असली गळती थांबत नाही.

नळी टाकीपासून सिलिंडरपर्यंत सतत उतरती हवी. मध्ये कमान आली की तिथे हवा अडकते आणि चाकांवर कितीही ब्लीडिंग केलं (ऑइल सोडून हवा काढली) तरी ती निघत नाही. माझी एक नळी अशीच उंचावली होती. ८ मिमी कापल्यावर ती सरळ बसली.

टाकी भरून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद रात्रभर ठेवला. सकाळी कागद कोरडा दिसल्यावरच ब्लीडिंगला हात घातला.