तुम्ही विचारलंत म्हणून: मटण कच्चं तोलायचं की शिजलेलं?

मी खाल्लेलं मोजून लिहिते हे गल्लीत कळल्यापासून रविवारी मटणाच्या रांगेत कुणीतरी हमखास विचारतं, "वैनी, कॅलरी काढताना मटण कच्चं तोलायचं की शिजलेलं?"

कच्चंच तोला. शिजताना मांसातलं पाणी जातं, वजन पाव हिश्शाने तरी उतरतं, पण पाण्यात कॅलरी नसतात. कातडी काढलेल्या चिकनच्या छातीचं मांस कच्चं असताना 100 ग्रॅमला साधारण 120 कॅलरी, भाजल्यावर 165. तुकडा तोच, फक्त आटलेला. सुरुवातीला मी शिजलेलं तोलून त्याला कच्च्याचा आकडा लावायचे. 145 ग्रॅमला 174 लिहायचे, खरे होते 240. वजन हलेना म्हणून मी भाकरी कमी केली, मग भात. दोन-तीन महिने अर्धपोटी उठले, त्याचं आजही वाईट वाटतं.

आणि 'मटण' हा शब्द जपून शोधा. परदेशी यादीत तो मेंढीचा असतो, चरबीसकट असेल तर 100 ग्रॅमला 250 च्या पुढे. आपण खाटकाकडून आणतो ते बोकडाचं. चरबी काढलेलं असेल तर 110 च्या आसपास.

हाडांचं सोपं आहे. जेवण झालं की चोखलेली हाडं एका वाटीत गोळा करून काट्यावर ठेवते. पोरं आता न सांगता वाटीत टाकतात. गेल्या रविवारी अर्धा किलोतली हाडं 130 ग्रॅम भरली. मांस राहिलं 370 ग्रॅम, म्हणजे 400 कॅलरी.

खरा हिशेब पुढेच आहे. त्याच मटणाच्या तांबड्याला आणि सुक्क्याला मिळून 60 मिली तेल गेलं होतं. तर्री यायला तेवढं लागतंच. वजनात ते 55 ग्रॅम, ग्रॅमला 9 कॅलरी, झाले 495. अख्ख्या मटणापेक्षा जास्त! माणसं मटण ग्रॅमवर तोलतात आणि तेल बाटलीतून अंदाजाने ओततात, म्हणून त्यांचा हिशेब कधीच जुळत नाही. मी बाटलीच काट्यावर ठेवते, फोडणीआधी आणि फोडणीनंतर. पांढऱ्याचं खोबरंही लिहिते. ओलं खोबरं 100 ग्रॅमला साडेतीनशे, पण चोथा पिळून टाकतो म्हणून सगळं धरत नाही.

वाटणीसाठी पातेल्याच्या बुडाला रिकामं वजन रंगवून घेतलंय. भरलेल्यातून ते वजा केलं की रस्सा किती ते कळतं, मग आपली वाटी तोलायची. फक्त वाढायच्या आधी तळापासून नीट ढवळून घ्या, नाहीतर सगळी तर्री पहिल्या वाटीत जाते.